व्याह्यांचा नवा ड्रायव्हर

आमच्या व्याह्यांनी एखादी वस्तू विकत घ्यायचं मनावर घेतलं, की ती बनवणाऱ्या कारखान्यात कुणाला तरी ठसका लागत असणार, असं मला नेहमी वाटतं. गादी घ्यायची म्हणून हे गृहस्थ दुकानातल्या गादीवर डोळे मिटून पडले आणि खरोखरच झोपले. दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांशी हलक्या आवाजात बोलत राहिला. बूट घेताना एका पायात नवा आणि एका पायात जुना घालून कापडबाजाराला चक्कर मारून आले. कलिंगड ते कानाशी धरतात, कुकरची शिट्टी तोंडाने फुंकून बघतात. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा तिला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. चहा झाल्यावर उठले, गच्चीवर जाऊन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "पसंती पोरांची पोरांनी ठरवावी. तुमच्या जिन्याचा कठडा मात्र हलतो." पुढच्या रविवारी वेल्डिंगवाल्याला घेऊन स्वतः हजर. सोयरीक पक्की व्हायच्या आधी आमचा कठडा पक्का झाला होता.

मूळचे ते शेवगावकडच्या शेतकरी घरातले. नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात, साध्या कपड्यातली, घर भिंगारला. खेळायला एक माणूस कमी पडतो म्हणून कुणा साहेबाने त्यांना एकदा गोल्फच्या मैदानावर नेलं, आणि मनाने ते तिथून कधी परत आलेच नाहीत. नगरच्या उन्हात ते मैदान वर्षाचा बराच काळ तपकिरी असतं, पण व्याही त्याला हिरवळच म्हणतात. खेळताना ते बोलत नाहीत आणि इतरांनी बोललेलंही त्यांना चालत नाही. मी एकदा बघायला गेलो होतो. ते काठी उगारून उभे असताना मला शिंक आली. त्यांनी काठी खाली ठेवली, माझ्याकडे वळले आणि दुसरी शिंक येऊन जाईपर्यंत अत्यंत शांतपणे वाट पाहिली. त्यांच्या दंडात ताकद दांडगी. चेंडू पार बाभळींच्या पलीकडे जायचा. वय झाल्यावर लोक हलक्या, लवचीक दांड्याची काठी घेतात, तिची त्यांना चीड होती. "ती काठी न्हाई, औषध हाय," म्हणायचे. एरवी ते आपल्यासारखं बोलतात, पण मनातलं काही ओठावर आलं की बोली शेवगावची होते.

गेल्या थंडीत एका जेवणाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "मला नवा ड्रायव्हर बघायचाय." विहीणबाईंचा चेहरा उजळला. यांनी आता स्वतः गाडी चालवू नये, असं त्या कधीच्या म्हणत होत्या. आमच्या हिने दोन दिवसांत भिंगारमधला एक निर्व्यसनी माणूस शोधून त्यांच्या दारात उभासुद्धा केला. व्याह्यांनी त्याला चहा पाजला आणि मग सगळ्यांना बसवून समजावलं, की गोल्फमध्ये पहिला लांबचा फटका मारायची जी सगळ्यांत लांब काठी असते तिला ड्रायव्हर म्हणतात. जुनी आता हातात फिरते, म्हणून नवी हवी. तो माणूस बिचारा सगळं ऐकून घेऊन नमस्कार करून गेला.

त्याच सुमारास आमची मुलगी माहेरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. आईला म्हणाली, "बाबा हल्ली बाळाला घेतच नाहीत." बाबा म्हणजे तिचे सासरे. "ती हात पुढं करते, आणि हे पेपर उघडतात. माझं काही चुकलं असेल का?" नातीच्या बारशाला पाळणा बघायला हा माणूस गावोगाव फिरला होता. विहीणबाईंना विचारावं तर बोलण्याला पाय फुटायचे. म्हणून मुलगी परत सासरी गेल्यावर व्याह्यांनी "पाहुणे, पुण्याला येता का?" असं विचारलं तेव्हा वाटेत विषय काढू असं ठरवून मी निघालो. पण सुप्यापर्यंत त्यांनी काठीच्या दांड्यांचे प्रकार सांगितले आणि शिक्रापूरपर्यंत चेंडूला लागणाऱ्या तिच्या डोक्यांचे. माझा विषय तसाच राहिला.

पुण्याच्या गोल्फच्या दुकानात एक तरुण मुलगी मापं घेत होती. आधी व्याह्यांनीच तिची परीक्षा घेतली. प्रत्येक काठी नखाने वाजवून कानाशी धरली, दोन काठ्या बाहेर उन्हात नेऊन पाहिल्या. तिने सगळं करू दिलं. मग तिने त्यांची उंची घेतली, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली आणि जाळीसमोर उभं केलं. चेंडू जाळीत जायचा आणि तो किती लांब आणि कुठल्या बाजूला गेला असता ते शेजारच्या पडद्यावर उमटायचं. व्याह्यांनी सगळ्यांत कडक दांड्याची काठी मागून घेतली. चेंडू उजवीकडे गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी काठी हातात फिरलेली मलासुद्धा दिसली.

"मूठ गुळगुळीत आहे," व्याही म्हणाले.

तिने मूठ बदलून दिली. चेंडू पुन्हा उजवीकडेच.

"काका, डावा हात सुटतोय," ती हळू म्हणाली. "ही काठी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी अगदी बरोबर बसली असती. आता जरा हलकी बघू या का?"

व्याही काठी जागेवर ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. समोरून वाहनं जात होती. डावा हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "पावनं, दिवाळीपासून हा हात माझा न्हाई. कप सुटतो. घरी सांगितलं असतं तर आधी गाडीची चावी काढून घेतली असती, मग मैदान."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणून नातीला घेत नाही तुम्ही?"

"सुटली म्हंजे?" एवढंच म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मी त्यांना मुलीचं बोलणं सांगितलं. तिला वाटतंय तिचंच काही चुकलं, हे ऐकल्यावर ते चटकन उठले. आत गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "हलकी दाखव, बाई." जाड मुठीची, लवचीक दांड्याची काठी त्यांनी घेतली तेव्हा चेंडू लांब गेला नाही, पण सरळ गेला. ही काठी त्यांनी वाजवून पाहिली नाही. बांधून पाठवा म्हणाले, आणि बाहेर येऊन गाडीची चावी माझ्या हातात दिली. येताना गाडी मी चालवली.

घरी पोचल्यावर ते बूट काढून सरळ सतरंजीवर मांडी घालून बसले. सुनेला म्हणाले, "दे तिला माझ्या मांडीवर. हातातनं पडंल म्हणून घेत नव्हतो, पोरी. तुझं काय चुकलं न्हाई." मुलगी नात तिथे ठेवून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. विहीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे येऊन सतरंजीच्या कडेला टेकल्या.

मानेतली एक नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. औषधं आणि व्यायाम चालू आहेत. हात थोडा सुधारला आहे. पूर्वीसारखा होईल असं कुणी म्हणत नाही, आणि ते विचारतही नाहीत. जमेल तेवढं खेळायला परवानगी आहे. त्यांना मैदानावर नेऊन सोडायचं काम मी मागून घेतलंय.

परवा सकाळी त्यांनी नव्या काठीने फटका मारला. चेंडू मध्यम उंचीवर गेला आणि बाभळींच्या बऱ्याच अलीकडे, उघड्यावर पडला. ते काठी टेकून तिकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असावं.

"आधी कुठं पडायचा ते दिसायचंच न्हाई," ते म्हणाले. "आता दिसतो."

मग आम्ही दोघं हळूहळू तिकडे चालू लागलो.