घडीतली हळद

दामिनीला माणसांवर संशय घ्यायची सवय मुळात नव्हती. सानगडीच्या तिच्या माहेरी दाराला कडी असते ती लावण्यासाठी, हेच कुणाला ठाऊक नाही, असं तिचा नवरा मनीष तिला चिडवायचा. पण पवनीच्या घरातून ती कोशाच्या रेशमी साड्या ऑनलाइन विकायला लागली आणि बघता बघता अशी तयार झाली की एखाद्या फौजदाराने येऊन तिच्याकडे शिकवणी लावावी.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. एका गिऱ्हाइकाने अस्सल कोसा ठेवून घेतला आणि त्याच डब्यात फाटक्या फॉलची जुनी नायलॉनची साडी भरून परत पाठवली. ती जिच्या ॲपवर साड्या विकायची त्या कंपनीने पुरावा मागितला. दामिनीकडे पुरावा कसला, ती तर पार्सल निघताना मनातल्या मनात नमस्कार करायची. साडी गेली ती गेली. दुसरी एक बाई लग्नात साडी मिरवून आली आणि ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत पाठवून मोकळी झाली. पदरात गजऱ्याचा दोरा तसाच अडकलेला होता. तो दोरा बोटावर गुंडाळत दामिनी कितीतरी वेळ बसून राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. नुकसानीपेक्षा तिला हे लागलं होतं की चांगल्या घरची, चांगलं लिहिणारी माणसं असं करतात आणि त्यांना काही वाटतही नाही.

तेव्हापासून फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि प्रत्येक साडीचे काठ, पदर, आतली बाजू त्याच्यासमोर उलगडून दाखवायची, हा नेम झाला. परत आलेलं पार्सलही व्हिडिओ चालू केल्याशिवाय फोडायचं नाही. एकाच घरातून वेगवेगळ्या नावांनी ऑर्डर आली की ती नाक मुरडायची. ‘लवकर पाठवा, परवा कार्यक्रम आहे’ असा निरोप आला की म्हणायची, आलीच बघा ही साडी परत.

साड्यांची घडी घालायचं काम मात्र तिने सासूबाईंकडे दिलं होतं. गोदावरीबाईंचं आयुष्य मागावर गेलेलं. मनीषचं लग्न व्हायच्या आधीच त्याचे वडील गेले, माग बंद पडला, आणि त्या बाईने भिंतीकडे तोंड करून पडून राहायला सुरुवात केली. पहिल्यांदा साड्यांचा गठ्ठा घरात आला तेव्हा कोशाच्या वासाने त्या आपणहून उठून बसल्या. त्यांच्यासारखी घडी दामिनीला जन्मात जमली नसती. रोज दुपारी त्या हात धुऊन, कोरडे करून ओसरीवर येऊन बसायच्या, आणि घरात सगळ्यांना बरं वाटायचं.

अशात नाशिकच्या एका बाईची तक्रार आली. साडी वापरलेली आहे, घडीत हळदीचा डाग आहे, तांदूळ निघाले. कुणीतरी कार्यात नेसलेली साडी मला नवी म्हणून विकली. दामिनीचं डोकंच फिरलं. ही बाई स्वतः कुणाच्या तरी हळदीला नेसून आली आणि वर आपल्यालाच चोर ठरवते. तिने कंपनीला तसंच लिहून टाकलं, अगदी ठासून. साडी पाठवली तेव्हा कोरी करकरीत होती, व्हिडिओ माझ्याकडे आहे, ग्राहकाने नेसून परत केली आहे.

ही लढाई तिला हरून चालणार नव्हती. आधी परत आलेल्या साड्यांमुळे कंपनीने ताकीद दिलेली होती. वापरलेला माल विकल्याचं आता सिद्ध झालं असतं तर दुकानच बंद झालं असतं. मनीषच्या राइस मिलचं काम धानाच्या हंगामापुरतं. बाकीचे दिवस घर या साड्यांवर चालायचं. आणि दुकान बंद झालं तर ओसरीवरच्या त्या दुपारीही बंद होणार होत्या. गोदावरीबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होत्या. दामिनीला पैशांच्या आधी तेच डोळ्यासमोर यायचं.

कुरिअरचा भोजराज परतीचं पार्सल देऊन गेला. दामिनीने व्हिडिओ चालू केला, डबा चारी बाजूंनी दाखवला, चिकटपट्टी कापली, आणि वकिलाच्या थाटात बोलत बोलत साडी उलगडली. आतल्या घडीत तळहाताएवढा पिवळा डाग होता, आणि त्यात तांदळाचे काही दाणे चिकटून बसले होते. तिने डाग फोनसमोर धरला. शेजारी गोदावरीबाई बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

“हे तं मीच ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “हळकुंड सरलं होतं, म्हणून तांदूळ ओल्या हळदीत घोळले. डाग पडला का वं?”

दामिनीचा हात होता तिथेच थांबला. फोन चालूच होता. तिने तो बंद केला आणि हळूच विचारलं की कायले ठेवलं, आई?

गोदावरीबाईंनी सांगितलं, आणि फार साधेपणाने सांगितलं. माग चालू होता तेव्हा या घरातून साडी बाईच्या हाती रिकाम्या घडीने कधी गेली नाही. घडीत चार दाणे आणि हळकुंड ठेवायचं, म्हणजे साडीबरोबर नेसणारीची ओटीही भरली जाते. नवरा गेल्यावर त्यांना कुणी ओटी भरायला बोलावलं नाही. ताट फिरायला लागलं की त्या आपणच उठून आत जायच्या. मग या साड्या आल्या. दामिनी चिकटपट्टी शोधायला आत गेली की त्या तेवढ्यात घडीत दाणे सारायच्या. आजवर कोरडे दाणे नि हळकुंड असायचं, कुणी झटकून टाकत असेल. कुणी बोललं नव्हतं.

“ह्या बायांले काय मालूम,” त्या साडीकडे बघत म्हणाल्या, “कोणाचा हात हाय तो.”

इतके दिवस ती सगळ्या गिऱ्हाइकांकडे संशयाने बघत होती, आणि तिच्या पाठीमागे ही म्हातारी त्याच अनोळखी बायांचं भलं चिंतत होती. तिला सासूची माया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

मिलमधून आल्यावर मनीषने सगळं ऐकून घेतलं. त्याने सुचवलं ते वावगं नव्हतं, कुणीही तेच सुचवलं असतं. आई बोलली तिथून पुढचा व्हिडिओ कापायचा, उरलेला पाठवायचा. डाग तर दिसतोच आहे, कंपनी आपल्याच बाजूने निकाल देईल. दामिनी चुलीपुढे भाकऱ्या थापत विचार करत राहिली. व्हिडिओ कापला की दुकान वाचत होतं. पण नाशिकची ती बाई कायमची चोर ठरत होती, आणि ती चोर नव्हती. भाकऱ्या झाल्यावर तिने हात पुसले, कंपनीला कळवलं की माझी तक्रार चुकीची होती, ग्राहकाचे पैसे परत द्या, आणि मग त्या बाईला निरोप लिहिला. साडी कुणी नेसलेली नाही. माझ्या सासूबाईंनी तुमची ओटी भरली होती, हळद ओली राहिली. तुमच्यावर मी नको तो आळ घेतला, माफ करा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर नव्हतं. दामिनी भात उतरवून फोन बघत होती, पाणी भरून फोन बघत होती. शेवटी आलं ते दोन ओळींचं. ‘वापरलेली’ ही तक्रार मी काढून घेते, डागाची तेवढी ठेवते. पैसे मात्र लवकर मिळू द्या. बाईने गोड काही लिहिलं नव्हतं, पण खरं तेवढं लिहिलं होतं, आणि दुकान राहिलं होतं.

ही बातमी सांगायला दामिनी ओसरीवर आली तर तिथे कुणी नव्हतं. साड्यांचा गठ्ठा तसाच होता. गोदावरीबाई आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माह्या हातानं नुकसान झालं, आता तुहं तूच करत जा, एवढंच त्या बोलल्या. दुकान राहिलं हे त्यांनी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

दामिनी या घरात सून म्हणून आली त्या दिवशी तिची ओटी चुलतसासूने भरली होती. गोदावरीबाई तेव्हा स्वयंपाकघरात भातापाशी बसून होत्या. नव्या नवरीला ते खटकलं नव्हतं. रीतच तशी, असं तिला वाटलं होतं. आज मात्र तिला ते खटकलं.

तिने डागाची ती साडी घेतली. मनीष म्हणाला होता, स्वस्तात काढून टाक. तिने ती नेसली. ताटात तांदूळ घेतले, हळदीची पूड घेतली, खाटेपाशी जमिनीवर बसली आणि पदर पसरला.

“आई, माही ओटी भरा.”

गोदावरीबाई दचकून उठून बसल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. माह्या हातानं तुही ओटी नाही चालत, मनीष हाय तुह्या डोक्यावर, असं काहीबाही त्या पुटपुटल्या. डोळे भरून आले होते.

“एवढ्या परक्या बायांची भरली तुमी,” दामिनी म्हणाली. “मीच रिकामी काहून राहू?”

पदर ती तसाच धरून होती. गोदावरीबाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली, ताटातले तांदूळ भरून घेतले, आणि सुनेच्या पदरात हळूहळू सोडले.