जीपचा घसा

खंडेनवमीला नगरपालिकेत गाड्यांची पूजा असते, म्हणून मी पेढे घेऊन गेले. तिथल्या गाड्यांचा सगळा कारभार आमच्या ह्यांच्याकडे. कचऱ्याच्या गाड्या, टँकर, जेसीबी, साऱ्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या. जुन्या जीपला मात्र हे स्वतः हळदकुंकू लावत होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, तसे थबकले. डोळे मिटून ऐकत राहिले आणि हळहळत म्हणाले, "घसा बसलाय रे हिचा. दसरा झाला की आधी हिला बघा."

गेला आठवडाभर मी घरात खोकतेय. ते ह्यांच्या कानावर गेलेलं नाही.

जीपवर जळावं, हे माझ्या वयाला शोभत नाही. पण जळले खरी. कुणीतरी आपल्याकडे असा कान लावावा, एवढंच तर हवं असतं. गाडीचं ऑइल बदलायचीसुद्धा तारीख ठरलेली असते. बाई चालतेय म्हणजे ठीकच असणार, असं सगळे धरून चालतात.

इंजिन चालूच होतं. पेढे पुढे करताना मला खोकल्याची उबळ आली. ह्यांनी चटकन मान वर केली, चेहरा काळजीने उतरला, आणि हात अलगद ठेवला जीपच्या बॉनेटवर.