लाडिस कुबेनाचं खोकं

लाडिस कुबेनाला 'असं का?' हा प्रश्न पडला नाही असा दिवस टेक्सासमध्ये उगवला नसेल. शेजाऱ्याच्या कोंबड्या स्वतःचं खुराडं सोडून परक्या कुंपणाखाली अंडी का घालतात, चर्चची घंटा थंडीत बसक्या आवाजात का वाजते, ओकच्या झाडांवर उन्हाळाभर किरकिरणारे किडे हल्ली गप्प का झालेत... एक ना दोन. किड्यांचं उत्तर त्याने शोधूनही काढलं होतं. कापसावरच्या फवारणीने मेले बिचारे, असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि ऐकणारा त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघायचा. त्याची बायको अर्लीन म्हणायची, "ह्याला स्वर्गात घेतलं ना, तरी हा आत जायच्या आधी दाराच्या बिजागऱ्या तपासत बसेल."

पोटापाण्यासाठी लाडिस खडीचे रस्ते सपाट करायचं धूड चालवायचा. आयुष्यभर पाठीमागे इंजिनाची धडधड आणि पुढे धूळ. पण शनिवारी संध्याकाळी आणि सणावाराच्या दुपारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट चढवून पीच क्रीक या नाचाच्या हॉलच्या मंचावर बसायचा आणि विल्फ्रेड ओर्साकच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचा.

ही गिटार म्हणजे नावालाच गिटार. चार पायांवर उभं केलेलं अरुंद टेबल, त्यावर ताणलेल्या तारा. डाव्या हातात लोखंडाची कांडी, उजव्या बोटांना नख्या, पायाखाली पेडलं, गुडघ्यांशी दांडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस शिवणयंत्रावर बसलाय. सूर मात्र असा, की एका जागेवरून दुसरीकडे उडी मारत नाही, घसरत, रेंगाळत जातो. आमच्याकडे वॉल्ट्झ सुरू झाला आणि त्यात स्टील नसेल तर म्हातारी माणसं नाचायला उठतसुद्धा नाहीत. आणि या यंत्राचा आवाज बाहेर पडतो तो वाजवणाऱ्याच्या पाठीमागे जमिनीवर ठेवलेल्या अँप्लिफायरमधून. वाजवणारे त्याला प्रेमाने खोकं म्हणतात.

त्या उन्हाळ्यात लाडिसला नवीनच 'असं का' पडलं. हॉलमध्ये जोडपी गोल फिरत नाचतात, सगळी एकाच दिशेने, उजवीकडून डावीकडे. यात आजवर कुणी बदल केलेला नाही. फिरत फिरत ती मंचाच्या डाव्या कोपऱ्याशी आली, म्हणजे बरोबर लाडिससमोर, की आत वळायची आणि पुढे गेल्यावर पुन्हा कडेला यायची. त्याच्यासमोर लाकडी जमिनीचा एक तुकडा कायम रिकामा. टक्कल पडल्यासारखा.

लाडिस तो. रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून तो हॉलमध्ये गेला आणि बूट काढून नुसत्या मोज्यांवर त्याने त्या तुकड्यावर घसरून पाहिलं. पाय सरकावेत म्हणून फळ्यांवर मक्याचं पीठ टाकतात, ते तिथे कमी पडत असेल अशी त्याला शंका होती. पीठ भरपूर होतं. मग गुडघे टेकून खिळे वर आलेत का पाहिले. एकही नव्हता. शेवटी पुढच्या शनिवारी त्याने आपलं बिऱ्हाड मंचाच्या उजव्या बाजूला हलवलं. टक्कलही उजवीकडे आलं.

"अर्लीन, बघितलंस?" घरी जाताना तो ट्रकमध्ये म्हणाला. त्याला अपमानाच्या आधी गंमतच वाटत होती. "माझ्याबरोबर चालत आलं ते!"

अर्लीन खिडकीबाहेर बघत राहिली.

उत्तर त्याला विल्फ्रेडने दिलं, हॉलच्या मागे, सॉसेजच्या धुरात उभं राहून. विल्फ्रेड बँडचा म्होरक्या. अॅकॉर्डियन वाजवायचा, आणि वाईट बातमी सांगायची झाली की आधी समोरच्याला बिअर द्यायचा.

"लाडिस, तुझं खोकं म्हातारं झालंय रे."

"म्हणजे?"

"म्हणजे टोचतं. कानात सुई घातल्यासारखं. त्या बाजूला कुणी नाचायला तयार नाही. सप्टेंबरात चर्चची जत्रा आहे, तोवर दुसरं बघ. नाहीतर मला हॅलेट्सव्हिलचा तो पोरगा बोलवावा लागेल."

"माझ्या जागी?"

"मला हौस आहे होय? पण लोक पैसे देऊन नाचायला येतात गड्या, दाढदुखी घ्यायला नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणसाच्या तोंडावर त्याच्या वाजवण्याला नाव ठेवत नाहीत. कुणाच्या घरी जेवायला बसून त्याच्या बायकोच्या हातचं वाईट म्हणावं, तसलं ते पाप. मग सगळा दोष खोक्यावर. सूर चुकला, खोकं बिघडलं. ताल गेला, खोक्याची वायर सैल. खोकं बिचारं उलट बोलत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, पण आमच्याकडे अंगण वाकडं आहे हे शेजारीच येऊन सांगतात, आणि नाचणारा भोळेपणाने अंगण खणायला घेतो.

लाडिसनेही खणलं. खोकं उघडलं, आतले काचेचे दिवे बदलले, कर्णा सोडवून पुन्हा बसवला. काही सापडलं नाही. हॅलेट्सव्हिलच्या पोराला आपली खुर्ची मिळणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना. त्या खुर्चीखेरीज जगात त्याचं असं होतं काय? रस्ते सरकारचे, शेत अर्लीनच्या बापाचं. शेवटी एका शुक्रवारी त्याने स्टील आणि खोकं दोन्ही ट्रकमध्ये घातलं, अर्लीनला शेजारी बसवलं आणि हॉइट मेब्रीचं दुकान गाठलं.

हॉइट स्वतः जुना स्टीलवाला. खोकी विकायची त्याची एक तऱ्हा होती. दुकानाच्या मागच्या खोलीत आडवी दोरी, दोरीवर जुनी चादर, आणि चादरीमागे सगळी खोकी एका रांगेत. गिऱ्हाइकाने अलीकडे बसून वाजवायचं. आवाज कोणत्या खोक्यातून येतोय ते हॉइटच जाणे.

"डोळ्यांनी खोकं घेणारी माणसं महिन्याभरात परत घेऊन येतात," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही त्या दाराशी बसा, वारा आहे. लाडिस, तू वाजव. आवडलं की हात वर कर."

लाडिस बसला. त्याला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. स्टीलला राखीव ताकद लागते. तार छेडताना उजव्या पायाखालचं पेडल थोडंच दाबायचं, आणि सूर विझायला लागला की हळूहळू जास्त, म्हणजे तो लांबत राहतो. त्या लांबवण्यात खोक्याने धाप टाकता कामा नये, घरघरता कामा नये. हे सगळं हॉइटलाही ठाऊक होतं, म्हणून दोघं फारसं बोलले नाहीत.

एका वॉल्ट्झची सुरुवात त्याने पुन्हा पुन्हा वाजवली. पहिल्या खोक्याला तो म्हणाला, "झोपलंय हे." दुसऱ्याला, "तोंडात बोळा कोंबलाय याच्या." तिसरं त्याला बरं वाटलं, पण नुसतं बरं. मग हॉइटने चादरीमागे खटके फिरवले आणि लाडिसने पुन्हा कांडी सरकवली.

त्याचा हात आपोआप वर गेला. "हे! हेच! ऐकतोस का हॉइट, कसं लख्ख आहे! बाकीच्यांना हे का जमत नाही?"

दाराशी अर्लीन अक्रोड सोलत बसली होती; तिच्या मांडीवरचं भांडं कलंडलं, कारण तिने दोन्ही हात कानांवर नेले होते.

हॉइटने चादर बाजूला सारली. लाडिसचं स्वतःचं, घरून आणलेलं खोकं रांगेच्या टोकाला उभं होतं. गुपचूप हॉइटनेच ते तिथे लावलं होतं.

लाडिस आधी खो खो हसला. मग हॉइट हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. हॉइट खोक्यासमोर उकिडवा बसून बटणं बघत होता. बारीक, टोकदार सुरांचं बटण अगदी शेवटाला जाऊन टेकलेलं.

"हे कोणी फिरवलं?"

"मीच. पण एकदम नाही हं. दरवर्षी जरासं. खोकं मंद होत चाललं होतं म्हणून."

"हॉइट," अर्लीन मध्येच म्हणाली, "तुमचं वाजवून झालं असेल तर हे दार लावू का? बाहेर ते किडे इतके कोकलतायत, डोकं उठलं."

"कुठले किडे?" लाडिसने विचारलं.

तिघंही दारातून अंगणात बघत राहिले. मग लाडिस उठला, कारण त्याला बसवेना. ओकच्या झाडाखाली गेला आणि खोडावर शोधू लागला. सापडला एक. अंगठ्याएवढा, हिरवट काळा. लाडिसने चष्मा पुढे ओढला.

"अगं, पोट थरथरतंय याचं!" तो ओरडला. "पोटातून काढतो हा आवाज! बघ तरी येऊन!" त्याने मान तिरकी करून कान जवळजवळ खोडाला टेकवला, आधी डावा, मग उजवा. किडा थरथरत होता, आणि लाडिसच्या दोन्ही कानांना लांबच्या रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तो परत येऊन पायरीवर बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"फवारणीने नाही मेले," तो म्हणाला.

"नाही," अर्लीन म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"किडे आहेत हे माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तू असं का म्हणतोस ते मला कळत नव्हतं."

"आणि हे खोकं? तुलाही टोचायचं?"

"हॉलमध्ये मी मागच्या टेबलावर का बसते, तुला काय वाटलं?"

"मग बोलायचं नाही का एकदा तरी, बाई!"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलले होते काहीतरी. तू म्हणालास, स्टीलमधलं तुला काय कळतं, तू आपली स्वयंपाकघरात नूडल्स बघ. मी तेव्हापासून नूडल्स बघते." ती हे रागाने म्हणाली नाही. पण तिने ते इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं खरं. "मला वाटलं, तुला तसंच आवडतं."

लाडिसला फार वाईट वाटलं. कानांचं जास्त की या बोलण्याचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "विल्फ्रेडला सांग, बोलव त्या पोराला," तो हॉइटला म्हणाला. "ज्याला स्वतःचे बारीक सूर ऐकू येत नाहीत त्याने वाजवायचं कशाला?"

"बोटं शाबूत आहेत ना?" हॉइट खेकसला. "पाय? मग कान उसने घे. समोरच बसलेत."

लाडिसने अर्लीनकडे पाहिलं. नवीन प्रश्न पडला की त्याच्या कपाळावर एक आठी यायची, ती आली. "हॉइट," तो हळूच म्हणाला, "नाचणारे खोक्यापासून किती लांब असतात?"

मग एक वेगळीच खरेदी सुरू झाली. अर्लीन अंगणात, पार कुंपणाशी, जिथे जोडपी फिरत येतील तितक्या अंतरावर. लाडिस आत वाजवतोय, हॉइट बटणाशी. अर्लीन हात खाली करायची, हॉइट बटण मागे फिरवायचा. सगळी खोकी झाली. तिसरं तिलाही बरं वाटलं. पण लाडिसच्या जुन्या खोक्याचं ते बटण जवळजवळ बंद झालं तेव्हा ती चालत चालत दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"हेच," ती म्हणाली. "दुसरी गोड आहेत, पण ती कुणाचीही असतील. हे तुझं आहे."

"मला तर गोधडीखालून आल्यासारखं वाटतंय," लाडिस म्हणाला.

"वाटू दे."

"दिवसभर फुकट राबलो की मी!" हॉइट कुरकुरला, पण खोकं ट्रकमध्ये चढवायला त्यानेच हात लावला. अर्लीनने पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढून बटणाशी एक ठिपका दिला. याच्या पुढे हात लावायचा नाही, असं तिने बजावलं.

जत्रेच्या दुपारी हॉलचे सगळे झरोके उघडे होते. लाडिसने पहिला वॉल्ट्झ धरला. सूर कुठे होता? जे ऐकायला तो शनिवारची वाट बघायचा, ते काहीच नव्हतं; ओल्या लाकडावर हात फिरवावा तसलं काहीतरी बोथट. दुसऱ्या गाण्यात त्याचा उजवा हात तारांवरून सुटून मागे, खोक्याकडे गेला. बोटं बटणावर टेकलीसुद्धा. जरासं, फक्त जरासं फिरवलं असतं तर त्याला त्याचं स्टील परत मिळालं असतं. विल्फ्रेड अॅकॉर्डियनवरून त्याच्याकडे बघत होता.

लाडिसने हात पुढे आणला आणि गाणं संपवलं. पुढची सगळी गाणी त्याने तशीच वाजवली, बोटांच्या आणि पायांच्या आठवणीवर, कानांना काही न विचारता. जोडपी त्याच्यासमोरून, अगदी मंचाला घासून गेली. त्याला बरं वाटलं, पण आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आचाऱ्याने उपाशीपोटी पंगत वाढावी, तसं ते बरं वाटणं होतं.

मधली सुट्टी झाली. विल्फ्रेडने त्याच्या पाठीवर थाप मारली. "नवीन खोकं झकास आहे रे! खुर्ची तुझीच!" लाडिसने खुलासा केला नाही. तो मंचावरून उतरून सरळ अर्लीनकडे गेला. ती आज पुढच्या टेबलावर बसली होती, समोर खसखस भरलेला कोलाच पाव तसाच.

"कसं येत होतं?" त्याने विचारलं. आपल्या वाजवण्याबद्दल त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

अर्लीनने बशी बाजूला सारली. "सूर संपता संपता तू एक करतोस," ती म्हणाली. "तो विझायला आला की पुन्हा किंचित वर येतो. कुणी जायला निघावं आणि दारातून मागे वळून बघावं तसं. लग्नाच्या आधी मी त्याच्यासाठीच यायची इथे. मग ते बंद झालं. मला वाटलं, तू सोडून दिलंस. आज प्रत्येक गाण्यात होतं."

"मी कधीच सोडलं नव्हतं गं. पाय करतोच ते."

"त्या टोचण्याखाली आम्हाला ऐकू आलं नाही, एवढंच."

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. तिने पहिल्या वॉल्ट्झपासून सुरुवात केली. कुठे सूर लांबला, कुठे विल्फ्रेडच्या अॅकॉर्डियनखाली दबला, कुठे तिच्या अंगावर काटा आला. लाडिस पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघत होता आणि मध्येच विचारत होता, "मग? त्याच्यापुढे?"

मंचावरून विल्फ्रेडने हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली, जरा चिडून.

"थांब रे," लाडिस मान न वळवता म्हणाला, "मी ऐकतोय."