गरम सिलिंडर

गोदीवर त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. नाव ठेवलं मेहुण्यानं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांचे श्वासाचे सिलिंडर भरायचं काम त्याचं. साध्या हवेत जरा जादा ऑक्सिजन मिसळायचा आणि कॉम्प्रेसरनं दाबून आत कोंबायचा. आता दाबायला एवढी ताकद लागते, ती जाते कुठे? उष्णता होऊन सिलिंडरातच बसते! सिलिंडर तापतो, आणि तापला की दाबाचा काटा खुशाल खोटं बोलतो, भरलं म्हणतो. निवला की तोच काटा खाली घसरतो. म्हणून हा बाबा सिलिंडर पाण्याच्या हौदात उभा करून सावकाश भरायचा, थांबायचा, तळवा लावून बघायचा, मग पुन्हा थोडं भरायचा. तळव्याला गार लागेपर्यंत कुणाचा बाप आला तरी द्यायचा नाही.

त्या दिवशी एका जहाजाच्या पंख्यात दोर अडकला होता. मेहुणाच खाली उतरणार होता. होडी सुटायला टेकलेली, त्याची बहीण, म्हणजे थंडोबाची बायको, त्याचा विसरलेला डबा घेऊन धावत आलेली.

"भावोजी, द्या की आता! अंडी उबवताय का हौदात?" मेहुणा ओरडला.

सगळी गोदी हसली. बायकोही हसली. थंडोबा ओशाळला. काटा तर भरल्याचं दाखवत होता. "घे बाबा, जा एकदाचा," म्हणाला.

खाली गार पाण्यात सिलिंडर निवला. दोर कापता कापता मेहुण्याचा पाय त्यातच गुंतला. पाय सुटला, पण वर यायला श्वास पुरला नाही. काय म्हणावं या नशिबाला! थोडक्यासाठी गेला पोरगा.

सगळे म्हणाले, दोरानं घात केला. थंडोबाही मान डोलवायचा. पण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. बायकोला कळलं तर ती आपलं तोंडही बघणार नाही, या भीतीनं तो आतून पोखरला जात होता.

शेवटी एके दिवशी ती भावाचा डबा घासून पुसत बसली होती. तो समोर जाऊन बसला.

"अगं, सिलिंडर गरम होता. मी निवू दिला नाही."

तिनं डबा पुसायचं थांबवलं नाही.

"माहीत आहे. होडीत मीच ठेवला ना उचलून. चांगला चटका बसला हाताला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते हो. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केलाय, मला कळत नव्हतं का? पण तो इतका हसत होता..."