भोंग्यावर घेतलेलं नाव

गुणवंताला पांढुर्ण्यात चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे सगळे. पस्तीस वर्षं हा माणूस रिक्षात बसून, टपावर भोंगा बांधून गावभर ओरडत हिंडला. उद्या नळ येणार नाही, साड्यांचा सेल लागला आहे, टॉकीजला नवा पिक्चर आला आहे, असं गावाला जे कळायचं ते आधी त्याच्या तोंडून. गळा खणखणीत होता आणि त्याचा ताठाही कमी नव्हता.

एक सवय मात्र विचित्र. तो भोंग्यावर कधी बाईमाणसाचं नाव घ्यायचा नाही. मेळ्यात पोर चुकलं तरी "लाल फ्रॉकवाल्या पोरीची आई जिथं असन तिथून मंचाजवळ यावं" एवढंच. लोक हसायचे. त्याची बायको जयश्री हसायची नाही, कारण तिला सगळं ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी टॉकीजला एक वादग्रस्त पिक्चर आला, तेव्हा गुणवंता बावीस वर्षांचा होता. पिक्चरमध्ये एक मुलगा एका मुलीच्या मागे लागतो. ती नाही म्हणते, तिचं लग्न होतं, तरी हा सावलीसारखा मागेच. खिडकीखाली उभा राहतो, भिंतीवर तिचं नाव लिहितो. ती बिचारी भीतीने अर्धी होते, आणि थेटरात शिट्ट्या कोणाला? त्यालाच! गावच्या महिला मंडळाने पिक्चर बंद करा म्हणून तहसीलदाराला अर्ज दिला. टॉकीजचा मालक खूश झाला. "हेच सांग भोंग्यावर," तो म्हणाला. गुणवंताने सांगितलं आणि पिक्चर महिनाभर हटला नाही.

संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा गजेंद्र याने तो नऊ वेळा पाहिला आणि दहाव्यांदा स्वतःच हीरो व्हायचं ठरवलं. त्याने निवडली सुचिता. शाळेतले क्लार्क दादाजी यांची ती मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. गजेंद्र तिच्या मागे सायकलने कॉलेजपर्यंत जायचा आणि मागेच परत यायचा. ती रस्ता बदलायची, तर तोही बदलायचा. पोरांना हे भारी वाटायचं. खोटं कशाला सांगायचं, गुणवंतालाही वाटायचं.

एका सकाळी गजेंद्र रिक्षात चढला, पान पुढे केलं आणि म्हणाला, "गुणवंता, दादाजीच्या गल्लीत एक लाइन जास्तीची मार ना बे."

गुणवंताची जीभ तशीही सैल. गल्लीच्या तोंडाशी त्याने पिक्चरचं नाव घेतलं, खेळांच्या वेळा सांगितल्या आणि वर जोडलं, "सुचिता, तुह्यासाठी खुर्ची राखून ठेवली हाय, कोणी वाट पाहून राहिलं!" पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशी त्याने तेच आणखी रंगवून म्हटलं. तिसऱ्या दिवशी सुचिता दारात उभी होती. ती त्याच्याकडे पाहत राहिली. या शहाण्याने तिला हात हलवून दाखवला.

चौथ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. भोंग्यावर नाव आलं म्हणजे पोरीचंही काहीतरी असणारच, असं गावाने ठरवून टाकलं. चुगली कानात सांगितली तर माणूस एकदा तरी विचारतो, खरं काय? भोंग्यावरचं कोणी विचारत नाही. दादाजी गजेंद्रच्या बापाकडे गेले, तर त्याने "पोरं हायेत जी, चालतेच" म्हणून बोळवण केली. दोन महिन्यांत सुचिताला मोहगावात दिलं. नवरा रघुनाथराव बिजवर, बारा वर्षांनी मोठा. तिथे कोणाला काही माहीत नव्हतं आणि कधी कळू द्यायचं नाही, अशी आईने शपथ घातली. गजेंद्रचं लग्न पुढल्या वर्षी बँड लावून झालं. आज प्रत्येक सणाला चौकातल्या बॅनरवर हात जोडलेला त्याचा फोटो असतो.

जयश्री सुचिताच्याच गल्लीतली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने ट्रंकेतून रसायनशास्त्राचं पुस्तक काढून गुणवंतापुढे ठेवलं.

"सुचितानं जाताना मले देलं. म्हणे, मले आता काय कामाचं? तुमची मस्करी झाली, तिचं सारं गेलं."

गुणवंता त्या दिवशी जेवला नाही. तेव्हापासून त्याने दादाजींची गल्ली टाळली आणि बायकांची नावंही. एवढ्याने काय होणार होतं? मनातली बोच काही गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात तोच पिक्चर टॉकीजला पुन्हा लागला. मालकाचा मुलगा रोशन म्हणाला, "काका, रेकॉर्डिंग नको. तुमीच बोला, जुन्या स्टाइलनं." गुणवंता नाही म्हणाला, पण पहिल्या खेळाला जाऊन बसला. तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं बरोबर त्याच जागी शिट्ट्या मारत होती. ती मुलगी पडद्यावर रडत होती आणि मागच्या रांगेत हसू फुटत होतं. तो उठून बाहेर आला. आपण केलेलं आपणच निस्तरायचं, असं त्याने तिथेच ठरवलं.

घरी येऊन त्याने जयश्रीला भोंग्यावर माफी मागायचा बेत सांगितला.

"तिले विचारलं काय?" जयश्री म्हणाली.

"चांगलंच तर बोलणार हाय मी!"

"तिले विचारलं काय, म्हणते ना मी!"

गुणवंताने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दादाजींच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावली आणि भोंगा सुरू केला. "ऐका हो ऐका! तीस वर्षांपूर्वी याच जागी दादाजींची लेक सुचिता हिचं नाव मी भोंग्यावर घेतलं होतं. एका मुलाच्या नादी लागून घेतलं होतं. पोरीचा काही दोष नव्हता. ती गंगेसारखी पवित्र होती. मी गुन्हेगार हाय, मले माफ करा!" पण पाहा, माफी मागतानाही नाव तिचंच घेतलं. गजेंद्रचं घ्यायची हिंमत त्याला झाली नाही.

गल्लीतल्या म्हाताऱ्या शांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. लोकांनी पाठ थोपटली. गुणवंता हलका होऊन घरी आला आणि पोटभर जेवला. त्याला वाटलं, भोंगा गल्लीपुरता असतो. पण गल्लीतल्या कोणीतरी सगळं मोबाइलवर उतरवलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'वादग्रस्त पिक्चरची खरी हीरोइन, आपल्या गावची.' संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सौंसर, लोधीखेडा करत मोहगावात पोचला.

चौथ्या दिवशी दुपारी सुचिता त्याच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, केस पिकलेले. त्याने तिला ओळखलं नाही. जयश्रीने ओळखलं आणि हात धरून आत आणलं. सुचिता बसली नाही.

"भाऊ, मी तुमाले काही मागतलं होतं काय?"

गुणवंताने हात जोडले.

"तीस वर्षं त्या गावात मले कोणी वाईट शब्द बोललं नाही. आता पोरं मले पाहून शिट्ट्या मारून राहिली. माह्या पोरीच्या, अमिताच्या बाबांनी बोलणं टाकलं. तिचं सौंसरचं कॉलेज बंद करतो म्हणते. शेवटचं वर्ष हाय पोरीचं. आता तुमीच चला, तुमच्या तोंडानं सांगा त्याईले, की काही नव्हतं म्हणून."

तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे.

रघुनाथराव ओसरीवर होते. त्यांनी गुणवंताला खुर्ची दिली, पाणी मागवलं. गुणवंताने सगळं सांगितलं, आणि या वेळी गजेंद्रचं नावही घेतलं. आवाज एवढा हळू निघत होता की रघुनाथरावांना पुढे वाकून ऐकावं लागलं. आतल्या दारात अमिता उभी होती, हातात कॉलेजची बॅग तशीच.

"तुमी खरं बोलून राहिले जी," रघुनाथराव शेवटी म्हणाले. "मले पटलं. हिचा काही कसूर नव्हता."

सुचिताने श्वास सोडला. अमिता एक पाऊल पुढे आली.

"पण मंग मले सांगतलं काहून नाही हिनं? तीस वर्षं एका ताटात जेवलो आमी. जे नव्हतंच, ते लपवा काहून लागते?" त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच भीती वाटत होती. "मायचं मले तीस वर्षं कळलं नाही. पोरीचं काय कळन? अमिता घरीच राहीन."

"बाबा, परीक्षा दोन महिन्यांवर..." अमिता म्हणाली. रघुनाथराव उठून गोठ्याकडे गेले होते.

गुणवंताने बोलायला तोंड उघडलं. सुचिताने हात वर करून त्याला थांबवलं.

"नका बोलू, भाऊ. तवा तुमी मस्करी केली, माह्यं एकटीचं गेलं. आता भलं कराले गेले, तर पोरीचं गेलं."

तिने अमिताच्या हातातून बॅग घेतली, तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.