एका हाताचं स्टिअरिंग

तारकर्लीच्या रस्त्यावरचा तो मेकॅनिक कुठल्याही प्रश्नाला आधी "बघया" म्हणायचा. अपघातात माझा उजवा हात कायमचा लुळा पडला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, माका परत गाडी चलवची आसा."

"बघया."

माझी गाडी ऑटोमॅटिक होती. त्याने तिला स्टिअरिंगचा वेगळा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, बसवला. आता स्टिअरिंग थोडंसं फिरवलं तरी गाडी भरपूर वळायची. पण स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला जुनंच माप ठाऊक होतं. त्यामुळे साध्या वळणावरही गाडीच्या कॉम्प्युटरला गाडी घसरतेय असं वाटायचं, ब्रेक आपोआप लागायचे आणि समोर पिवळा दिवा पेटायचा.

"दिवोच बंद करून टाका," मी कंटाळून म्हटलं.

"दिवो बंद करून गाडयेक अक्कल येवची नाय."

तीन दिवस तो लॅपटॉपवर माप बदलत होता, फेरी मारून येत होता आणि मान हलवत पुन्हा बसत होता.

चौथ्या दिवशी दिवा पेटला नाही. मी किल्ली मागितली, पण त्याने दिली नाही. शेजारच्या दुकानदाराकडून त्याने स्वतःचा उजवा हात पंच्याने अंगाशी बांधून घेतला.

"तुमका एका हातान चलवची आसा. माका पण तशीच बघूक होयी."

तो तोंडवलीपर्यंत जाऊन आला. सदरा घामाने भिजला होता.

"आता तुमी चलवा. मी बाजूक बसतंय."

पहिल्या वळणावर मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. तो निवांत खिडकीबाहेर बघत होता.