घोट्यावर झिजलेलं व्हायोलिन

ती केस आठवली की आजही तोंड कडू होतं. मी तेव्हा लंडनमध्ये, ईलिंगला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. सकाळच्या ब्रीफिंगनंतर इन्स्पेक्टरांनी एक तक्रार माझ्याकडे सरकवली. "तुमच्या भाषेतल्या बाई आहेत. घरातलं व्हायोलिन कुणीतरी बदललं म्हणतात. मुलगा सांगतो, त्यांची मेमरी गेली आहे. जरा समजूत काढून या." समजूत काढायला डिटेक्टिव्ह कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. तक्रारदार म्हातारा आणि एकटा असला की आमच्या खात्यात आधी त्याच्या डोक्याचीच चौकशी होते.

काकू ऐंशीच्या घरातल्या. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या जन्मभर व्हायोलिन वाजवत आणि रविवारी शिकवतही. कमरेच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेल्या, परत येऊन पेटी उघडली, तर आत दुसरंच व्हायोलिन.

"तुम्हालाही वाटतंय ना, म्हातारी भ्रमिष्ट झालीय?" त्यांनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

स्मरण तपासायला मी रीतीप्रमाणे पंतप्रधानांचं नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, वर त्यांच्याविषयी आपलं मतही सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोकं ठणठणीत होतं.

मी वर्णन विचारलं. "इथले लोक व्हायोलिन हनुवटीखाली धरतात," त्या म्हणाल्या. "आपण मांडी घालून बसतो. उजवा पाय थोडा पुढे, आणि व्हायोलिनचं ते गोगलगायीसारखं वळलेलं डोकं घोट्यावर टेकवायचं. लग्नापासून टेकतंय. त्या बाजूचं वार्निश पार उडालंय. आणि बोटं सरकावीत म्हणून मी खोबरेल लावते. माझं व्हायोलिन मी डोळे मिटून ओळखीन. अजून थोडे दिवस वाजवायचंय मला, मग स्लाऊच्या माझ्या एका शिष्येला द्यायचंय."

इन्शुरन्ससाठी तपासून घेतलं तेव्हा ते जुनं फ्रेंच, मोठ्या किमतीचं निघालं होतं. तपासायला कोण गेलं होतं? मुलगा. मुलगा सॉलिसिटर, म्हणजे वकील. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी वर्णन वाद्यांच्या व्यापाऱ्यांना पाठवलं. काही दिवसांनी केंब्रिजहून एका दुरुस्तीवाल्याचा फोन आला. माणूस सरळ होता, आणि बोलायला लागला की थांबत नसे. मी तिथे गेलो, तर व्हायोलिन समोर ठेवून त्यानं आधी मला ते बनवणाऱ्याचीच कथा ऐकवली. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कारागीर. ज्या गावात घरोघरी व्हायोलिनं बनत, तिथे जन्मला, पोरवयात पॅरिसला आला. गिऱ्हाइकाला नवं नको होतं, इटलीतलं जुनं हवं होतं. मग यानं जुन्यासारखंच बनवायला घेतलं. मेपलच्या लाकडाची पाठ, स्प्रूसच्या लाकडाचं पोट, आणि वार्निश लावून झालं की जिथे वाजवणाऱ्याचा हात, खांदा, हनुवटी घासेल, तिथे स्वतःच घासून काढायचं. शंभर वर्षांची झीज आठवड्याभरात. खरं इटालियन आणि याचं शेजारी ठेवलं तर भलेभले फसत. म्हातारपणी मात्र त्याला दुखत असे, की लोक आपल्या हाताचं कौतुक दुसऱ्याच्या नावानं करतात.

"ही खोटी झीज आम्ही जिवापाड जपतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "त्याच्या हातची आहे ती."

"आणि डोक्यावरची?"

"ती? ते डॅमेज होतं. मी भरून काढलं, वार्निश दिलं. बोटांखालची काळी पट्टीही बदलली, तेलानं बरबटली होती."

जुनी पट्टी त्यानं ड्रॉवरमध्ये टाकलेली होती. मी नाकाला लावली. खोबरेल. माझी आत्या मिरजेला व्हायोलिन वाजवायची. तो वास मला कुणी शिकवायला नको. बाईच्या सगळ्या जन्माची खूण या भल्या माणसानं घाण म्हणून पुसली होती, आणि दीडशे वर्षांपूर्वीची बनावट तेवढी सांभाळून ठेवली होती. मला त्याचा संताप आला, पण कायद्यात त्याला काही नाव नाही. त्याला ते विकणारा कोण, हे त्यानं लगेच सांगितलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

मुलाला बोलावून कॉशन, म्हणजे चौकशीआधीची कायदेशीर ताकीद, वाचून दाखवला. आधी तासभर "नो कमेंट". मग मी ती पट्टी टेबलावर ठेवली आणि मराठीत म्हणालो, "घ्या, वास घ्या. ओळखीचा आहे?" आता हे टेपवर गेलं, पण गेलं तर गेलं. तो पट्टीकडे बघेना.

"आईनी मला गिफ्ट दिला होता तो," तो म्हणाला. "आता तिला रिमेंबर होत नाही. शी गेट्स मडल्ड."

"मग पेटीत दुसरं कशाला ठेवलंत?"

त्याचा चेहरा लाल झाला. "तो बाहेरच्या मुलीला देणार होती ती. मी तिचा मुलगा आहे."

चोरी उघडी पडली होती. राहिली होती फक्त काकूंची ओळख पटवण्याची सही. व्हायोलिन स्टेशनात आणलं. काकूंना खुर्ची दिली, त्यांनी नको म्हटलं. मी माझा कोट जमिनीवर अंथरला. ऑपरेशन झालेल्या कमरेनं त्या कशाबशा खाली बसल्या, पाय पुढे केला, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलं आणि एक लांब सा लावला. तो अजून माझ्या कानात आहे. त्या बराच वेळ त्या नव्या वार्निशावरून बोट फिरवत राहिल्या.

"मी हो म्हटलं तर त्याची सनद जाईल?"

"जाईल, काकू. कदाचित जेलही."

त्यांनी गजाचे केस सैल केले, पदरानं तारांवरची राळ पुसली, व्हायोलिन पेटीत नीट निजवलं आणि म्हणाल्या, "हे माझं नाही."

"काकू, असं नका करू. तुमचं आहे ते."

"आपलेच दात, आपलेच ओठ, बाळा. उठव मला."

बाहेर मुलगा घड्याळ बघत उभा होता. "आई, चल ना, पार्किंग संपतंय," एवढंच म्हणाला. व्हायोलिन ते विकत घेणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे परत गेलं. काकूंनी रविवारचा क्लास बंद केला, असं नंतर कळलं.

या केसनं मला शिकवलं ते असं, की परका चोर वस्तू नेतो, पण घरचा चोर वस्तू नेऊन वर आईकडून खोटंही बोलवून घेतो, आणि त्या दुसऱ्या गुन्ह्याला कुठलं कलम लागत नाही. फाईल मलाच बंद करायची होती. मी लिहिलं, "तक्रारदाराला वस्तू ओळखता आली नाही." एवढं धडधडीत खोटं मी नोकरीत दुसरं लिहिलं नाही.